समुद्रडुकराच्या पोटाखाली लपणारा राजखेकडा: त्याला तिथे नक्की मिळतं काय?

सागरवेडी

नमस्कार मंडळी. परवा रात्री लेकीला घेऊन खोल समुद्राच्या तळाचं चित्रण बघत बसले होते. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे उपसागराचा तळ, साधारण बाराशे मीटर खोल. नुसता राखाडी चिखल. दगड नाही, झुडूप नाही, नजर ठरेल असं काहीच नाही. त्या चिखलावरून एक फिकट गुलाबी, फुगीर समुद्रकाकडी आपल्या जाडजूड पायांवर निवांत चालली होती. हिला सी पिग म्हणतात, म्हणजे समुद्रडुक्कर. नाव ऐकूनच लेक खूश! मग कॅमेरा जवळ गेला आणि तिच्या पोटाखाली काहीतरी लाल, काटेरी हललं. खेकड्याचं पिल्लू. समुद्रडुकराच्या पोटाला धरून बसलेलं, आणि ते डुक्कर त्याला घेऊन चाललेलं.

मग मी शोधत बसले. खेकड्याचं नाव निओलिथोड्स डायोमेडी. खोल समुद्रातल्या किंग क्रॅबची, म्हणजे राजखेकड्याची, एक जात. मोठा झाला की लालभडक, अंगभर लांब काटे. मॉन्टेरेच्या सागरी संशोधन संस्थेतल्या लोकांनी २०१६ मध्ये यावर निबंध लिहिला आहे. त्यांनी सुमारे २,६०० समुद्रडुकरं तपासली, त्यांतल्या २२ टक्क्यांपाशी खेकड्याचं पिल्लू होतं. आणि उलट बाजूने बघितलं, तर या जातीची जेवढी पिल्लं दिसली त्यांतली ९६ टक्के कुठल्या ना कुठल्या समुद्रडुकराला धरून होती! हा आकडा वाचून मी हलले. म्हणजे हे एखाद-दुसऱ्या पिल्लाचं नाही, त्या जातीचं बालपणच तिथे जातं.

माझा प्रश्न असा: अंगावर एवढे काटे असताना, ज्याला धड कवचही नाही अशा लिबलिबीत प्राण्याच्या आडोशाला हे पिल्लू का जातं? आणि लेकीचा प्रश्न, ज्याचं उत्तर मला देता आलं नाही: "आई, त्या डुकराला कळतं का, खाली कोण आहे ते?"

---

निवांत_कोकणी

विषय फार आवडला. वाचतोय.

---

कुर्लीप्रेमी

किंग क्रॅब म्हणजे तोच ना, हातभर लांब पायांचा, परदेशात नुसते पायच विकतात तो? आमच्याकडे चिंबोरीचा पेंदाच आधी पळवतात, डेंगे पाहुण्यांना. नुसते पाय विकायचे म्हणजे बाकीचा खेकडा जातो कुठे?

---

प्राणीशास्त्र_मास्तर

आधी नावाचा घोळ मिटवतो, नाहीतर धागा भलतीकडे जाईल. आपल्याकडे बीएस्सीला जे शिकले त्यांच्या डोक्यात 'किंग क्रॅब' म्हणजे लिम्युलस, घोड्याच्या नालेच्या आकाराचा. ओडिशाच्या किनाऱ्यावर, बालासोरकडे, त्याचे भाऊबंद अंडी घालायला वाळूवर येतात. निळ्या रक्ताचा तो हाच. त्याचा खेकड्यांशी काडीचा संबंध नाही, तो कोळी-विंचवांच्या जवळचा.

सागरवेडी म्हणतात तो राजखेकडा वेगळा. त्याचं कुळ लिथोडिडी. अलास्काचा प्रसिद्ध लाल किंग क्रॅब याच कुळातला, पण तो तुलनेने उथळ पाण्यातला. निओलिथोड्स ही मंडळी खरी खोलातली. डायोमेडी ही जात पूर्व पॅसिफिकमध्ये कॅलिफोर्नियापासून खाली चिलीपर्यंत आहे.

---

सिअ‍ॅटलची_सून

कुर्लीप्रेमी, हो, तोच. इथे बाजारात पाय मिळतात ते शिजवून गोठवलेले. जहाजावरून उतरले की लगेच शिजवतात. मी पहिल्यांदा आणले तेव्हा सवयीने खोबरं, धणे, तिरफळ असं वाटण करून ठेवलं होतं. पण शिजलेल्या मांसात रस्सा मुरत नाही. शेवटी कात्रीने कवच उभं कापून, नुसतं लोण्यात गरम करून खाल्लं. गोडसर, दोऱ्या-दोऱ्यांचं मांस. छान असतं, पण कुर्लीच्या कालवणाची जागा घेत नाही.

एक गोष्ट मात्र तेव्हापासून मनात आहे. एकदा अख्खा खेकडा आणला होता. मुलाला शाळेत दहा पायांच्या प्राण्यांवर लिहायचं होतं, म्हणून आम्ही दोघं मोजायला बसलो. नांग्या दोन आणि पाय सहा. आठच! पुन्हा मोजले, आठच. मला वाटलं गोठवताना मोडले असतील, पण मोडल्याची खूण कुठेच नव्हती. याचं उत्तर मास्तर देतील का?

---

प्राणीशास्त्र_मास्तर

वा, मुलाला माझ्यातर्फे शाबासकी द्या. मोजणी बरोबर आहे. पायांची शेवटची जोडी असते, पण ती बारकी असते आणि कवचाखाली, कल्ल्यांच्या पोकळीत दुमडलेली असते. तिचं काम कल्ले साफ ठेवणं. पुढच्या वेळी पाठीच्या कवचाची मागची कड उचलून बघा, दोन काडीसारखे पाय दिसतील, टोकाला बारीक कुंचल्यासारखे केस.

आणि यातच या प्राण्याची सगळी गोष्ट आहे. राजखेकडा हा खरा खेकडाच नाही! आपली चिंबोरी, मुठे, किरवी हे सगळे खरे खेकडे. राजखेकडा आला तो शंखातल्या खेकड्यांच्या वंशातून. किनाऱ्यावर रिकामा शंख पाठीवर घेऊन तुरुतुरु पळणारा तो, लहानपणी आपण सगळ्यांनी तळहातावर घेतलेला. १९९२ मध्ये जनुकीय पुराव्यावरून हे 'नेचर' मध्ये छापून आलं. त्यांच्या पूर्वजांनी शंख सोडला, पोट छातीखाली दुमडून घेतलं, कवच टणक केलं, आणि बघता बघता रूप खेकड्याचं झालं. खेकडा नसलेल्या प्राण्याने खेकड्याचं रूप घ्यायचं, हे निसर्गात अनेकदा झालंय. बोराडेल नावाच्या प्राणीशास्त्रज्ञाने १९१६ मध्ये त्याला 'कार्सिनायझेशन' असं नावच दिलं. मराठीत 'खेकडीभवन' म्हणू या.

पण वंशाची खूण पुसली गेली नाही. शंख उजवीकडे पीळ घेतलेला असतो, म्हणून शंखातल्या खेकड्याचं मऊ पोटही वाकडं. राजखेकड्याची मादी उलटी करून बघा: पोटाची झडप आजही एका अंगाला कललेली. राहतं घर कधीच सोडलं, पण अंगाने अजून त्या घराचा बाक धरून ठेवलाय.

---

मालवणी_काकू

माका शास्त्रातला काय कळत नाय, पण कुर्ली उलटी करून बघूची सवय लहानपणापासून. आता सगळ्यांना कळेल असं लिहिते.

आमची आई बाजारात कुर्ली घेताना आधी पालथी करायची. झडप निमुळती, त्रिकोणी तर नर. रुंद, गोल तर मादी. दोन्हीकडून सारखी, मधोमध बसलेली. वाकडी झडप मी जन्मात पाहिली नाही. मास्तरांनी लिहिल्यावर फोटो शोधला आणि खरंच की! एका बाजूला मोठे पत्रे, दुसऱ्या बाजूला बारके. जणू कोणी कपडा तिरका बेतलाय.

आता पिल्लांचं. पावसाच्या सुरुवातीला आमच्या वहाळात गोड्या पाण्यातली खेकडी सापडते. तिची झडप हळूच उघडली की आत पिल्लं. वाटाण्याहून लहान, पिवळसर, पन्नास-शंभर सहज, एकमेकांवर चढलेली. आम्ही पोरं झडप उघडून बघायचो आणि आजी ओरडायची, "सोड तिका, लेकुरवाळी आसा!" मग तिला परत पाण्यात सोडायचो. त्या पिल्लांना आईचं पोट मिळालं. या खोल समुद्रातल्या पिल्लांना आईचं पोट मिळत नाही, म्हणून ती दुसऱ्याच्या पोटाखाली जातात काय?

---

सागरवेडी

काकू, शेवटचं वाक्य वाचून थांबलेच. मास्तर, यात तथ्य आहे का?

---

प्राणीशास्त्र_मास्तर

आहे. काकूंनी नेमका फरक सांगितला. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांची पिल्लं अंड्यातून खेकडा होऊनच बाहेर येतात आणि काही दिवस आईपाशीच राहतात. समुद्रातल्या खेकड्यांचं आणि राजखेकड्यांचं तसं नाही. मादी अंडी पोटाखाली सांभाळते खरी, पण अंड्यातून निघते ती पोहणारी अळी. आईशी तिचा संबंध तिथेच संपतो. खोल पाण्यातल्या राजखेकड्यांमध्ये, उदाहरणार्थ अलास्काच्या सोनेरी राजखेकड्यात, या अळीला अंड्यातल्या बलकाची शिदोरी एवढी भरपूर मिळालेली असते की ती काही न खाताच वाढते. मग रूप बदलून ती तळाला टेकते. तिथून पुढे ती एकटी, आणि आकार नखाएवढा.

---

खलाशी७२

मी बावीस वर्षं तेल क्षेत्रात आरओव्ही चालवतोय, म्हणजे दोरीला बांधलेलं पाणबुडं यंत्र. बराच काळ बंगालच्या उपसागरात कृष्णा-गोदावरीच्या मुखासमोर काढला, हजार मीटरच्या खाली. हा राजखेकडा मी पाहिलेला नाही. पण तो तळ कसा असतो ते सांगतो, म्हणजे पिल्लू का लपतं ते आपोआप कळेल.

यंत्र खाली जायला तास जातो. दोनशे मीटरला उजेड संपतो. मग पडद्यावर फक्त आपल्या दिव्यात वरून पडणारे पांढरे कण, पिंजलेल्या कापसासारखे. तळ येतो तो अचानक. पहिला धडा असा की पंखे खाली तोंड करून फिरवायचे नाहीत. गाळ एवढा हलका असतो की एकदा उठला की पाच-दहा मिनिटं पडदा पांढरा. गाळ बसला की दिसतं काय? काहीच नाही. दिव्याच्या वर्तुळात सपाट चिखल, त्यावर कोणाच्या तरी सरपटण्याची रेघ. तुम्ही यंत्र शंभर मीटर पुढे नेलं तरी तेच. आमची पाइपलाइन तिथे पडली की महिन्याभरात तिच्या कडेला खेकडे, मासे, झिंगे येऊन बसलेले असतात. त्यांना तेलाचं कौतुक नाही, त्यांना पाठ टेकायला काहीतरी हवं असतं.

एकदा शिफ्ट संपता संपता एक लहानसा खेकडा दिसला. पाइपच्या वेल्डिंगची जी जराशी फुगलेली कड असते, दोन बोटं उंच असेल, तिला अंग लावून बसला होता. दिवा जवळ नेला तरी हलला नाही. आम्ही दोघं पायलट आणि कंपनीचा निरीक्षक, तिघेही काही वेळ गप्प बसून त्याच्याकडे बघत राहिलो. मैलोगणती सपाट चिखलात त्याने ती दोन बोटांची कड शोधून काढली होती.

तेव्हा सागरवेडी, तुमच्या पिल्लाला मऊ-कडक बघायची चैन नाही. चिखलापेक्षा उंच अशी तिथे एकच वस्तू आहे आणि ती चालते.

---

निवांत_कोकणी

खलाशी७२, हा प्रतिसाद दोनदा वाचला. वेगळा धागा काढा की राव यावर.

---

तांबडा_रस्सा

सगळे एवढे हळवे झालेत, मी जरा विरुद्ध बाजू मांडतो. 'आसरा', 'पोटाखाली घेतलं' हे आपले शब्द. समुद्रडुकराने कोणाला घेतलेलं नाही. पिल्लू जाऊन चिकटलं. वजन वाहायचं डुकराने, धोका टळायचा पिल्लाचा. उद्या ते पिल्लू भूक लागली म्हणून त्याच डुकराचा लचका तोडणार नाही कशावरून? खेकडे मेलेलं-जिवंत काही सोडत नाहीत. माझ्या मते हा सरळसरळ परजीवीपणा आहे, आणि मुलीला तसंच सांगावं.

---

प्राणीशास्त्र_मास्तर

रस्सेसाहेब, शंका रास्त आहे, पण निष्कर्ष घाईचा वाटतो. परजीवी म्हणायचं तर यजमानाचं नुकसान दाखवावं लागतं. पिल्लं वाहणाऱ्या समुद्रडुकरांचं काही बिघडलंय असं त्या पाहणीत दिसलेलं नाही. या समुद्रडुकरांवर खऱ्या परजीवी गोगलगायी असतात, बारीक, अंगाला भोक पाडून रस शोषणाऱ्या. संशोधकांनी अशी शक्यता मांडली आहे की पिल्लू त्या खात असेल, म्हणजे समुद्रडुकराचाही फायदा. तसं खाताना मात्र कोणी पाहिलेलं नाही. तोवर याला सहभोजिता म्हणणं बरं: एकाचा फायदा, दुसऱ्याला ना नफा ना तोटा.

अन्नाचा मुद्दाही जोडतो. समुद्रडुकरं प्रवाहाकडे तोंड करून उभी राहतात. वरून ताजं काही पडलं, देवमाशाचा सांगाडा म्हणा किंवा शेवाळाचा थर, की तिकडे जमतात. त्यांना धरून बसलेलं पिल्लू चालण्याचे कष्ट न घेता जेवणाच्या जागी पोचतं.

---

मालवणी_काकू

बरोबर. आणि रस्सेभाऊ, तिसऱ्या (शिंपल्या) उघडताना आत कधी पिटुकला खेकडा सापडतो ना, मऊ, पांढरट? तोही तिसरीच्या घरातच राहतो. तिसरी तर धडधाकट असते. जेलीफिश जाळ्यात आली तर तिच्या छत्रीखालीही बारके खेकडे असतात, आमच्या घोवानं कितीदा दाखवलेत.

---

तांबडा_रस्सा

तिसरीतल्या त्या खेकड्याचं म्हणाल तर तो तिने गाळलेलं अन्न पळवतो. तोही फुकट्याच! पण 'परजीवी' हा शब्द मागे घेतो. 'भाडेकरू' ठेवतो, भाडं न देणारा.

---

बे_एरियाकर

उशिरा आलो. मी मॉन्टेरेपासून दीड तासावर राहतो. तिथल्या किनाऱ्याचं वैशिष्ट्य म्हणजे पाण्याखालची प्रचंड घळ मॉस लँडिंगच्या धक्क्यापासूनच सुरू होते. त्यामुळे सकाळी निघालेलं संशोधन जहाज दुपारपर्यंत हजार मीटर खोल पाण्यावर काम करून संध्याकाळी परत येऊ शकतं. उद्योजक डेव्हिड पॅकार्ड यांनी १९८७ मध्ये संस्था तिथे काढली ती याचसाठी. एकाच तळावर वर्षानुवर्षं परत परत जाता येतं, म्हणूनच २,६०० समुद्रडुकरं मोजून होतात.

खलाशी७२ यांच्या पाइपवरून आठवलं. फेब्रुवारी २००४ मध्ये वादळात एका जहाजावरचे कंटेनर या भागात समुद्रात पडले. त्यातला एक चार महिन्यांनी १,२८१ मीटर खोलीवर चिखलात सापडला, आत टायर. २०११ मध्ये संशोधक मुद्दाम परत जाऊन बघून आले. आजूबाजूला चिखलातले प्राणी आणि त्या पत्र्यावर निराळीच वस्ती, गोगलगायींनी अंडी घातलेली. कठीण पृष्ठभाग मिळाला की तिथे गर्दी होते हे त्या एका डब्याने दाखवलं. अर्थात समुद्रात डबे टाकत सुटावं असा याचा अर्थ नाही, तिथला मूळ समाज बदलतो तो बदलतोच.

नावाबद्दल: डायोमेडिया हे अल्बाट्रॉस पक्ष्याच्या प्रजातीचं शास्त्रीय नाव. बेनेडिक्ट या प्राणीशास्त्रज्ञाने १८९५ मध्ये या खेकड्याचं वर्णन केलं ते 'अल्बाट्रॉस' नावाच्या अमेरिकी जहाजाने वर काढलेल्या नमुन्यांवरून. आयुष्यात सूर्य न बघणाऱ्या प्राण्याला आभाळात दूरदूर उडणाऱ्या पक्ष्याचं नाव मिळालं!

---

प्राणीशास्त्र_मास्तर

सुंदर माहिती. आपल्याकडेही याच काळात असं जहाज होतं, 'इन्व्हेस्टिगेटर'. त्यावरच्या नमुन्यांतून कोलकात्याच्या इंडियन म्युझियमचे अलकॉक आणि त्यांचे सहकारी अँडरसन यांनी १८९९ मध्ये पॅरालोमिस इन्व्हेस्टिगेटोरिस या राजखेकड्याचं वर्णन केलं. त्यालाही जहाजाचंच नाव. म्हणजे राजखेकडे आपल्या समुद्रांच्या खोलातही आहेत, फक्त बाजारात दिसत नाहीत.

---

ढगांची_शाळा

थोडं अवांतर, पण राजखेकडे म्हटल्यावर राहवत नाही. हेच निओलिथोड्स अंटार्क्टिकावर चाल करून जात आहेत ना? तिथल्या तळावर लाखो वर्षं कवच फोडणारे शिकारी नव्हते, त्यामुळे समुद्रकाकड्या, तारामासे बिनधास्त वाढले. पाणी तापलं आणि खेकडे घुसले. पामर डीप नावाच्या खोलगट भागात १५ लाखांवर खेकडे असल्याचा अंदाज २०११ मध्ये आला होता. इथे पोटाखाली लपणारं गोंडस पिल्लू आणि तिथे तीच मंडळी सगळं फस्त करतायत. मला तरी याची फार काळजी वाटते.

---

प्राणीशास्त्र_मास्तर

तीच मंडळी नाहीत, चुलत भाऊ. तिथली जात निओलिथोड्स यालड्विनी. पामर डीपचा अंदाज खरा आहे. खेकडे साधारण ८५० मीटरच्या खालीच सापडले, कारण तिथे खालचं पाणी वरच्यापेक्षा उबदार, १.४ अंशांच्या वर. फार थंड पाण्यात खेकड्यांना रक्तातलं मॅग्नेशियम बाहेर टाकता येत नाही, ते साचतं आणि अंगाला गुंगी येते. म्हणून थंड उथळ पाणी हीच त्यांना अडवणारी भिंत.

पण 'घुसले' यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. २०१३ मध्ये दुसऱ्या गटाने अंटार्क्टिकाभोवतीच्या सगळ्या नोंदी एकत्र मांडून विचारलं की हे आक्रमण की आधीपासूनचा मुक्काम? उतारावर राजखेकडे पूर्वीपासून असतील आणि आपण कॅमेरा घेऊन आत्ता पोचलो, असंही असू शकतं.

---

ढगांची_शाळा

मुक्काम जुना असेल हे मान्य. पण भिंत वितळतेय हे तर खरं? पाणी अंशाने तापलं तर ते वर सरकणारच. जुने रहिवासी आहेत म्हणून वर गेल्यावर कमी खातील असं नाही ना.

---

प्राणीशास्त्र_मास्तर

यावर आपलं एकमत आहे. माझा आक्षेप फक्त 'चाल करून' या शब्दांना होता.

---

वास्कोवाला

अंटार्क्टिका आलं म्हणून डोकावलो. आमच्या वास्कोला हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्र आहे. पहिली भारतीय मोहीम ६ डिसेंबर १९८१ ला आमच्याच मुरगाव बंदरातून निघाली, डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली. बाबा हात हलवायला धक्क्यावर गेले होते. आपली मैत्री आणि भारती ही केंद्रं मात्र पूर्व अंटार्क्टिकात आहेत, हे खेकडे पश्चिमेच्या द्वीपकल्पापाशी. ढगांची_शाळा, तुमची काळजी मला पटते.

---

कुर्लीप्रेमी

अलास्कातला लाल राजखेकडाही एवढा कमी झाला होता की ब्रिस्टल बेची पकड २०२१-२२ आणि २०२२-२३ असे दोन हंगाम बंद होती. तिथे नियम कडक, ठरावीक मापाचे नरच घ्यायचे, मादी परत पाण्यात. काकूंच्या आजीचा नियम तिथे कायद्यात आहे. आपल्याकडे लाखेने (अंड्यांनी) भरलेली मादीच मुद्दाम मागून घेतात. मीही घेत आलोय. हा धागा वाचल्यापासून गेल्या रविवारी नर घेतले.

---

वेळूबन

मूळ विषयाशी जोडलेली एक गोष्ट कोणीच कशी सांगितली नाही? राजखेकडा मोठा झाला की तो स्वतः दुसऱ्याचं घर होतो!

केअरप्रॉक्टस नावाचे मऊ, चिकट अंगाचे मासे असतात. त्यांची मादी एक लांब नळी राजखेकड्याच्या कवचाच्या फटीतून आत सरकवते आणि थेट कल्ल्यांच्या पोकळीत अंड्यांचा पुंजका ठेवून निघून जाते. खेकडा श्वासासाठी सतत ताजं पाणी आत खेळवतो, तेच पाणी अंड्यांना मिळतं. वर कवचाचं संरक्षण. अलास्काच्या सोनेरी राजखेकड्यांत असे पुंजके सापडलेत. सिअ‍ॅटलच्या सुनेने शोधलेली ती दुमडलेली पायांची जोडी असते ना, त्याच पोकळीत. पुंजका मोठा असेल तर त्या बाजूचे कल्ले दबून खराबही होतात.

---

तांबडा_रस्सा

म्हणजे लहानपणी भाडं बुडवलं ते मोठेपणी सव्याज वसूल. आता माझी काही तक्रार नाही.

---

सिअ‍ॅटलची_सून

मुलाला दाखवलं. तो म्हणाला, मग आपण खाल्लेल्या खेकड्यात माशाची अंडी होती का? नव्हती, मी सगळं साफ केलं होतं. पण पुढच्या वेळी ती पोकळी आम्ही दोघं नीट बघणार आहोत.

---

प्राणीशास्त्र_मास्तर

सागरवेडी, तुमच्या लेकीचा प्रश्न अजून लोंबकळत आहे, तो घेतो. डुकराला कळतं का?

समुद्रकाकडीला मेंदू नसतो. तोंडाभोवती मज्जातंतूंचं एक कडं आणि त्यातून निघून अंगभर गेलेल्या पाच दोऱ्या, एवढंच. डोळे नाहीत. पण स्पर्श कळतो आणि पाण्यातला वास कळतो. त्या जाड पायांत पाणी भरून ती चालते. तेव्हा पोटाला कोणीतरी धरलंय एवढं तिच्या कातडीला नक्की जाणवत असणार. ते कोण आहे, खेकडा आहे, पिल्लू आहे, हे कळण्याची सोय तिच्यात नाही. मुलीला असं सांगा: तिला 'काहीतरी आहे' एवढं कळतं, आणि ती चालत राहते.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर खलाशी७२ यांनी दिलंच आहे. मी एवढंच जोडतो की नखाएवढ्या पिल्लाचे काटे मोठ्या माशाला अडवत नाहीत. शिवाय वाढताना ते पुन्हा पुन्हा कात टाकतं, आणि प्रत्येक वेळी थोडा काळ अंग लोण्यासारखं मऊ असतं. त्या वेळी आडोसा हवाच.

---

सागरवेडी

सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीला मास्तरांचं उत्तर जसंच्या तसं वाचून दाखवलं. ती जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "मग पिल्लू मोठं होऊन सोडून गेलं की तिला 'काहीतरी नाही' असं पण कळत असेल." यावर मला काही बोलता आलं नाही.

आता तिला शंखातला खेकडा बघायचाय, राजखेकड्याचा पूर्वज म्हणून. आम्ही पुढच्या आठवड्यात अलिबागला जातोय. किल्ल्याच्या बाजूला खडकांत मिळतील ना? आणि ओहोटी किती वाजता धरायची?

---

निवांत_कोकणी

मिळतील, भरपूर. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. द्वितीयेला भरती दीडच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळी साडेसातला. तृतीयेला सव्वाआठला. हे दोन दिवस सगळ्यात चांगले, उधाणाचं पाणी असल्याने खडक लांबवर उघडे पडतात. अष्टमीला जाऊ नका, भांग असते, पाणी धड उतरत नाही. ओहोटीच्या अर्धा तास आधी पोचा आणि पाणी फिरलं की लगेच मागे या.

खडकातल्या डबक्यापाशी सावली न पाडता बसायचं. दोन मिनिटांनी शंख आपोआप चालायला लागतात. तळहातावर घेतला तर तिथेच परत ठेवायला सांगा लेकीला.

---

मालवणी_काकू

आणि पायात चपला ठेवा गो, कालवांनी पाय कापतात.